ऐनवेळचा विषय

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

ग्रामसभेच्या नोटिशीवर विषय क्रमाने लिहिलेले असतात. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, घरकुलाच्या यादीला मान्यता देणे, पाणीपुरवठ्याचा आढावा, जमाखर्च. सगळ्यात शेवटी एक ठरीव ओळ असते : अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. ज्याने गावात चार सभा पाहिल्या आहेत त्याला ठाऊक असते, की लोक येतात घरकुलासाठी, सही करतात घरकुलासाठी आणि पुढे महिनाभर पारावर चर्चा होते ती या शेवटच्या ओळीत आलेल्या विषयाची. उजव्या लोकानुनयी राजकारणाची वाढ आणि त्याला द्यायचे उत्तर, या विषयावर आज मला बोलायचे आहे. विषयाचे नाव जड आहे. पण ऐनवेळचा विषय म्हणजे काय हे ज्याला कळते, त्याला हे राजकारण कळायला अवघड जाऊ नये.

लोकानुनय म्हणजे लोकांना खूश करणे, असा अर्थ आपण सहज लावतो. निवडणुकीच्या तोंडावर साड्या, भांडी, माफी, अनुदान. हा अर्थ चूक नाही, पण अपुरा आहे. सरकारने गरिबाला काही दिले तर त्यात वाईट काय, असे मला नेहमी वाटत आले आहे. राज्यशास्त्राचे अभ्यासक हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात. यान-वेर्नर म्युलर नावाच्या जर्मन अभ्यासकाचे २०१६ साली या विषयावर एक छोटे पुस्तक आले. त्यांच्या मांडणीचा गाभा असा, की लोकानुनयी पुढारी 'मी लोकांचा आहे' एवढेच म्हणून थांबत नाही. तो म्हणतो, 'लोक म्हणजे आम्हीच.' म्हणजे जो आमच्याबरोबर नाही तो लोकांत मोडतच नाही. तो परका, तो विकला गेलेला, तो देशाचा नव्हे. निवडणूक हरली तरी असा पुढारी म्हणणार की खरे लोक माझ्याच बाजूला होते, काहीतरी गडबड झाली.

'उजवा' हा शब्द फ्रान्सचा. १७८९ साली तिथल्या सभेत राजाची आणि जुन्या व्यवस्थेची बाजू घेणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले आणि बदल मागणारे डाव्या हाताला. तेव्हापासून ते नाव चिकटले. परंपरा जपावी म्हणणारा प्रामाणिक उजवा माणूस जगात सगळीकडे असतो आणि त्याच्याशी वाद घालता येतो. पण उजवेपणात लोकानुनय मिसळला की 'खरे लोक' कोण हे धर्मावरून, रक्तावरून, भाषेवरून ठरू लागते. मग शत्रू दोन लागतात. एक वर बसलेला, म्हणजे शिकलेला, इंग्रजी बोलणारा, दिल्ली-मुंबईतला. दुसरा शेजारी राहणारा, ज्याची चूल आपल्या चुलीपेक्षा निराळी आहे. वरच्याला फक्त शिव्या बसतात. शेजाऱ्याला मात्र मार बसतो, कारण तो हाताशी असतो.

आकाशवाणीची एक जुनी आचारसंहिता आहे. कोणत्याही राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला करायचा नाही. मला हा नियम आवडतो. नाव घेतले की ऐकणारा आपापल्या पक्षाच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि पुढचे त्याला ऐकू येत नाही. इतिहास सांगायला मात्र मुभा आहे, म्हणून थोडा इतिहास सांगतो.

१९६६ च्या जूनमध्ये मुंबईत शिवसेना स्थापन झाली. तेव्हा मराठी मुलाला नोकरी मिळत नव्हती ही तक्रार खरी होती. त्या तक्रारीचे उत्तर म्हणून जो शत्रू दाखवण्यात आला तो दक्षिणेकडून आलेला कारकून आणि इडली विकणारा माणूस होता. पुढे त्या जागी कम्युनिस्ट आला. ऐंशीच्या दशकात, ही लाट मराठवाड्यात आली तोवर, मुसलमान आला. २००८ साली, त्याच घरातून बाहेर पडलेल्या दुसऱ्या पक्षाच्या आंदोलनात, रेल्वेची परीक्षा द्यायला आलेली उत्तर भारतातली पोरे मार खात होती. चाळीस वर्षांत शत्रू तीन वेळा बदलला. मराठी मुलाचा नोकरीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. मोठ्या कचेऱ्यांत काही मुलांना नोकऱ्या मिळाल्या हेही खरे आहे आणि ते नाकारू नये. पण गिरण्या बंद पडल्या तेव्हा गावी परत आलेल्या गिरणी कामगाराला कोणा इडलीवाल्याने घालवले नव्हते.

मराठवाड्याचा अनुभव याहून कडू आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि खेड्याखेड्यांत दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांचा जीव गेला. विद्यापीठाच्या पाटीवरचे अक्षर बदलल्याने कोणाची विहीर आटणार नव्हती. पण 'आपल्या मराठवाड्याचे नाव पुसतायत' एवढे सांगणे पुरे झाले. अनुशेष, रोजगार, सिंचन हे प्रश्न घेऊन जी पोरे रस्त्यावर यायला तयार होती, त्यांच्यापुढे ऐनवेळचा विषय ठेवला गेला. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याला आता तीन दशके उलटून गेली आणि मराठवाडा हे नाव त्या पाटीवर अजून आहे.

आता बीडकडे येतो. आमच्या जिल्ह्याने १९६७ साली लोकसभेवर क्रांतिसिंह नाना पाटील यांना निवडून पाठवले. माणूस येडेमच्छिंद्रचा, कृष्णाकाठचा, पक्ष कम्युनिस्ट. इथे त्यांची ना भावकी, ना सोयरीक. १९७७ साली पुन्हा एका कम्युनिस्टाला, गंगाधरअप्पा बुरांडे यांना, याच जिल्ह्याने खासदार केले. हे मी जुन्या दिवसांचे गोडवे गाण्यासाठी सांगत नाही. तेव्हाही जात होती, चांगली घट्ट होती. पण कोरडवाहू शेतकऱ्याला आणि ऊसतोड मजुराला 'तुझा प्रश्न अमुक आहे' असे सांगून मत मागता येत होते आणि त्यावर मत मिळत होते. २०२४ ची लोकसभेची निवडणूक याच मतदारसंघात झाली. निकाल लागला ६,५५३ मतांनी. तिची चर्चा ज्यांनी कोणत्याही चहाच्या टपरीवर ऐकली, त्यांना विचारा, की त्या दोन महिन्यांत पाण्यावर किती बोलणे झाले आणि आडनावांवर किती.

प्रश्न संपले होते म्हणावे तर तसेही नाही. नगर–बीड–परळी रेल्वे १९९५ साली मंजूर झाली. बीडपर्यंत गाडी यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. तेव्हा जन्मलेले पोर तोवर तिशीत गेले. दसऱ्यानंतर जिल्ह्यातून लाखो माणसे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात, अजूनही जातात. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये आणि बाजारात चार हजारांच्या आसपास मिळत होते. जमीन वाटण्या होऊन दोन एकरांवर आलेली, पदवी घेतलेला मुलगा घरी बसलेला, त्याचे लग्न जमत नाही. हा माणूस रागावलेला आहे आणि त्याचा राग रास्त आहे. मराठा आरक्षणाची मागणी या रागातून आली, तिला विरोध करणाऱ्या ओबीसी कुटुंबाची भीतीही याच तंगीतून आली. हक्क मागणे याला मी लोकानुनय म्हणणार नाही. पण त्या रागाचे पुढे काय केले गेले ते पाहिले पाहिजे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी माजलगावात आणि बीडमध्ये लोकप्रतिनिधींची घरे जळाली, हॉटेल जळाले. निवडणुकीनंतर, २०२४ च्या जूनमध्ये, जिल्ह्यातल्या एका गावात अमुक जातीच्या दुकानात जायचे नाही, त्यांच्या हॉटेलात चहा प्यायचा नाही, अशी शपथ घेतल्याची चित्रफीत फिरली. दोन्ही बाजू हिंदू, दोन्ही बाजू शेतकरी, दोन्हींच्या बांधाला बांध.

ती चित्रफीत पाहताना मला धक्का बसला नाही. ते शब्द माझ्या ओळखीचे होते. २०२२ च्या अखेरीपासून राज्यभर जे मोर्चे निघाले, त्यांत मुसलमानांवर आर्थिक बहिष्कार टाका असे व्यासपीठावरून उघड सांगितले जात होते. अमुक दुकानात जाऊ नका, अमुक भाजीवाल्याकडून घेऊ नका. औषध एका रोग्यासाठी काढले होते, ते दोन वर्षांत दुसऱ्या घरीही पोचले. मला या राजकारणाबद्दल जी एक गोष्ट सांगायची आहे ती हीच आहे. शेजाऱ्याला वगळण्याची सवय एकदा हाताला लागली की वगळायचा शेजारी कोण हे कोणाच्याच ताब्यात राहत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मढीच्या ग्रामसभेची बातमी आली. मढी हे कानिफनाथांचे ठाणे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डी तालुक्यात असले तरी आमच्या जिल्ह्याची हद्द तिथून फार दूर नाही. होळीपासून पाडव्यापर्यंत यात्रा. होळीचा मान गोपाळ समाजाचा. गाढवांचा बाजार भरतो, भटक्या जमातींचे लोक राज्यभरातून येतात, रेवडी उधळतात. तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकाने लावू द्यायची नाहीत. कारण असे सांगण्यात आले की यात्रेच्या काळात गाव व्रत पाळते, तळण तळत नाही, लग्नकार्य करत नाही आणि बाहेरचे व्यापारी हे पाळत नाहीत.

आता या कारणाकडे शांतपणे बघू. गावाची प्रथा आहे, ती पाळली जावी असे गावाला वाटते, यात गैर काही नाही. मग नियम करावा की यात्रेच्या हद्दीत कोणीही तळण तळायचे नाही. जो मोडेल त्याचे दुकान उठवावे, मग तो अहमद असो की आनंदा. पण ठराव वागण्यावर झाला नाही, जन्मावर झाला. बांगड्या विकणारी बाई काय तळणार आहे? गावातूनच आक्षेप आला की लोकांच्या सह्या घरकुलाच्या कामासाठी होत्या. पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांनी तो ठराव बेकायदा म्हणून रद्द ठरवला. वाद तेवढ्याने मिटला असे नाही. पण एक गोष्ट सगळ्यांनी पाहिली, की भाषणात भारी वाटणारे वाक्य कागदावर आले की त्याला कलमांना तोंड द्यावे लागते.

मी मणियाराच्या घरातला आहे. माझे चुलते, आम्ही त्यांना चाचा म्हणतो, तीस वर्षे जत्रा करत फिरले. पाल ठोकायचे, पेट्या उघडायच्या आणि हिरव्या, लाल, मोरपंखी काचेची रांग लावायची. मढीच्या यात्रेतही त्यांचे पाल असे. बाईचा हात हातात घेऊन बांगडी भरणे हे नाजूक काम. हात आखडला की बांगडी फुटते, म्हणून तिला बोलण्यात गुंतवावे लागते. चाचा प्रत्येकीला विचारायचे, माहेर कोणते, पाऊस झाला का, पोरगी कितवीत. असे करता करता त्यांना पाथर्डी, शिरूर, आष्टी, गेवराई या चार तालुक्यांतल्या घराघरांची खबर असायची. कासाराने किंवा मणियाराने भरलेली बांगडी सौभाग्याची, हा हिशेब त्या बायकांनी त्यांच्या धर्माला विचारून केलेला नव्हता. आता चुलतभाऊ तो धंदा करतो. माल उधारीवर उचलतो, जत्रा झाली की फेडतो. दोन वर्षांपूर्वी एका जत्रेत, नाव सांगत नाही, दोन पोरे येऊन त्याला म्हणाली, आधार कार्ड दाखवा. त्याने दाखवले. पोरे काही न बोलता गेली. त्या दिवशी त्याच्या पालावर गिऱ्हाईक नेहमीसारखेच होते, तरी त्याने संध्याकाळीच पेट्या बांधल्या. बहिष्काराला यशस्वी होण्यासाठी सगळ्यांनी ऐकावे लागत नाही. विकणाऱ्याच्या पोटात भीती बसली की काम होते.

या पोरांना मी राक्षस समजत नाही. त्यांच्यासारखाच एक मित्र मला आहे, शाळेपासूनचा. आमच्या वर्गाच्या मोबाइलवरच्या गटात तो रोज सकाळी असा काही मजकूर टाकतो की वाचून जेवण जात नाही. मी गटात उत्तर देत नाही. तिथे साठ जणांसमोर त्याला मागे हटता येणार नाही हे मला माहीत आहे. मी त्याला फोन करतो. एकदा म्हणालो, "अरे, तू ते टाकलेस ते माझ्याबद्दल आहे."

"तुझ्याबद्दल नाही रे," तो म्हणाला. "तू त्यातला नाहीस."

"मग त्यातला कोण आहे? तू पाहिलेला एक सांग."

तो बराच वेळ गप्प राहिला. मग सोयाबीनवर बोलू लागला. मग पोरावर. पोरगा बत्तिशीचा, तीन स्थळे आली आणि जमीन विचारून परत गेली. पाऊण तास बोलला. त्यात मुसलमान एकदाही आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गटात पुन्हा तसलाच मजकूर होता, हेही सांगून टाकतो. एका फोनने माणूस बदलतो असे मानायला मी काही सिनेमा काढत नाही. पण 'तू त्यातला नाहीस' हे वाक्य ऐकले की मला कळते, की जो शत्रू म्हणून रंगवला आहे तो ओळखीचा असून चालत नाही. तो बिनचेहऱ्याचाच लागतो.

म्हणूनच मेलेला माणूस फार उपयोगी पडतो. २०२५ च्या मार्चमध्ये सगळे राज्य औरंगजेबाच्या कबरीवर बोलत होते आणि १७ मार्चला नागपूर पेटले. तीनशे वर्षांपूर्वी मेलेला बादशहा. त्याने आमच्या मणियारांच्या घरात काय ठेवले होते म्हणून आम्ही त्याचे कर्ज फेडावे? या मातीतल्या मुसलमानाला पूर्वज म्हणून कोणाचे नाव सांगायचेच असेल तर शेख महंमद आहेत. 'योगसंग्राम' लिहिणारे, मालोजीराजे भोसल्यांनी श्रीगोंद्यात ज्यांना जागा दिली ते. आष्टी तालुक्यातले वाहिरे गाव त्यांना आजही आपले मानते. मी मराठीत लिहितो याचे लोकांना नवल वाटते, तेव्हा मी हे नाव सांगतो. घरात आम्ही दखनी बोलतो. कविता मराठीत सुचते. यात तडजोड कसली, हे दोन्ही माझेच आहे.

आरसा आपल्याकडेही फिरवला पाहिजे. आमच्यातही बाहेरून वक्ते येतात, कौम संकटात आहे असे ओरडून सांगतात, पोरे घोषणा देतात, रात्री मोबाइलवर कोणाचे तरी चित्र लावतात. वक्ता त्याच रात्री गाडीत बसून निघून जातो. गुन्हा पोरावर दाखल होतो. तारखा पडतात, पोलीस भरतीचा अर्ज बाद होतो. त्या भाषणात शाळेतली गळती नसते, मुलींचे शिक्षण नसते, वक्फच्या जमिनी आपल्याच पुढाऱ्यांनी कशा वापरल्या हे नसते. 'खरे लोक आम्हीच' हा आजार आम्हाला होत नाही असे मी म्हणणार नाही. फरक एवढाच की आमच्याकडे संख्या कमी आहे म्हणून त्याचा त्रास आधी आम्हालाच होतो.

आता उत्तराकडे. आमच्याच गेवराई तालुक्यातले अर्धामसला गाव. ३० मार्च २०२५, गुढीपाडव्याची पहाट व्हायची होती आणि दुसऱ्या दिवशी ईद होती. रात्री अडीचच्या सुमारास मशिदीत जिलेटिनच्या कांड्यांचा स्फोट झाला. फरशी उखडली, भिंतींना तडे गेले, सुदैवाने माणूस कोणी दगावला नाही. जिलेटिनची कांडी आमच्याकडे नवलाईची वस्तू नाही. विहिरीचा खडक फोडायला ती लागते. पाणी शोधायची वस्तू शेजाऱ्याच्या मशिदीत नेऊन ठेवावी, इथपर्यंत कोणाचे तरी डोके फिरले. स्फोटाआधी तशा कांड्यांची चित्रफीत समाजमाध्यमावर टाकली गेल्याच्या बातम्या आल्या. आरोप सिद्ध करणे न्यायालयाचे काम आहे, त्यावर मी बोलणार नाही.

त्यानंतर काय झाले ते मला महत्त्वाचे वाटते. सरपंचांनी पहाटेच पोलिसांना कळवले. दिवस मावळायच्या आत दोघांना अटक झाली. गावात आदल्या संध्याकाळी संदलची मिरवणूक होती आणि तिच्यात दोन्ही समाजांचे लोक होते. म्हणून 'हिंदूंनी केले' हे वाक्य तिथे उभे राहू शकले नाही. लोकांना माणसे नावाने माहीत होती. दोन माणसांनी केले, एवढेच तिथे म्हणता आले. ईदची नमाज शांततेत झाली. यात कोणी मोठे भाषण केले नाही, कोणी साखळी धरली नाही. गुन्ह्याला गुन्हा म्हटले गेले, वेळेत म्हटले गेले आणि त्याला धर्माचे नाव द्यायला मधे वेळच उरला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ रोजी सगळ्या राज्यांना सांगितले आहे की द्वेषाचे भाषण झाले तर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा, मग बोलणारा कोणत्याही धर्माचा असो. वैर पसरवण्याचे कलम जुन्या दंडसंहितेत १५३-अ होते, १ जुलै २०२४ पासून नव्या न्यायसंहितेत ते १९६ झाले. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा आहे, जुलै २०१७ पासून लागू. तो मुख्यतः जातपंचायतींनी आपल्याच माणसाला वाळीत टाकू नये म्हणून केला आहे. शेजारच्या जातीच्या किंवा धर्माच्या दुकानावर घातलेल्या बहिष्काराला तो सहज लागू पडत नाही. ही उणीव भरून काढा असे आपण आमदाराला विचारू शकतो. मी तरी अजून असा प्रश्न विचारलेला ऐकलेला नाही.

कायदा मात्र अर्धेच काम करतो. उरलेले अर्धे काम असते चिडलेल्या माणसाची मूळ तक्रार त्याच्याहून जोरात मांडण्याचे. आमच्या लेखक मंडळींत एक खोड आहे. ज्याचे मत आपल्याला पटत नाही त्याला अंधभक्त, अडाणी, विकलेला म्हणायचे आणि मोकळे व्हायचे. असे म्हटले की तो पुढारी जे सांगत होता, की हे शिकलेले लोक तुम्हाला तुच्छ समजतात, ते आपणच खरे करून दाखवतो. सोयाबीनच्या भावावर मोर्चा निघाला तर त्यात मणियार, बागवान, वंजारी, मराठा, दलित सगळे असू शकतात, कारण पैसा शेतकऱ्याच्या हातात आला की बांगड्याही विकल्या जातात. हमीभाव न मिळाल्याची पावती दाखवणारा माणूस आपल्या बाजूला उभा असला पाहिजे. तो समोरच्या मंडपात गेला यात दोष नुसता त्या मंडपाचा नाही.

निवडणुकीने हे प्रश्न सुटतील, अशी आशा काही जण बाळगतात. पोलंडमध्ये २०२३ साली विक्रमी मतदान झाले, चौऱ्याहत्तर टक्क्यांच्या आसपास, आणि आठ वर्षांची तशी राजवट गेली. दोन वर्षांत राष्ट्राध्यक्षपदावर पुन्हा त्याच बाजूचा उमेदवार निवडून आला. अमेरिकेत २०२० साली हरलेले ट्रम्प २०२४ साली परत आले. सरकार बदलते, पण गावातले बोलणे तसेच राहिले तर ते सरकार फिरून येते.

बीड पोलिसांनी २०२५ साली एक छोटी गोष्ट केली. मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर जिल्ह्यात आडनावावरून जो संशय पसरला होता तो पाहून, पोलिसांच्या छातीवरच्या आणि टेबलावरच्या पाटीवरून आडनावे काढली. नुसते नाव ठेवले. काही जण हसले. मला ती गोष्ट आवडली, कारण तक्रार घेऊन आलेल्या माणसाची नजर आधी पाटीवरच जाते. माझ्यासारख्याची मात्र पंचाईत आहे. आमचे पहिले नावच सगळे सांगून जाते. पण ज्या ठाण्यात आडनाव विचारायचे नाही असे ठरले, तिथे पहिल्या नावावरून तोंड वाकडे करणेही जरा अवघड होत असेल, असे मी धरून चालतो.

वर्षाला चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा आपल्याकडे रूढ आहेत. नोटीस आधी फळ्यावर लागते. बहुतेक जण ती वाचत नाहीत आणि सभेला जात नाहीत. जे जातात ते घरकुलाच्या यादीत आपले नाव आहे का पाहून, सही करून, शेवटच्या ओळीआधी उठतात. पुढच्या सभेला गेलात तर शेवटपर्यंत बसा. ऐनवेळचा विषय आला तर ग्रामसेवकाला विचारा, की हा नोटिशीत होता का, कोणत्या नियमाने घेतलात, सही कशावर घेताय. ठराव झालाच तर त्याची प्रत मागा. आणि त्याच सभेत उभे राहून आधीच्या विषयाचे काय झाले तेही विचारा, पाण्याचे, घरकुलाचे, रस्त्याचे.